परदेशातून आलेली साडी आणि दारावरची जकात

गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, बँकेचं पासबुक हे सगळं झालं की चहाच्या वेळी खरे प्रश्न निघतात. गेल्या वर्षभरात एक प्रश्न आमच्याकडे तीनचार गावांतून आला. "दुबईतल्या पुतण्यानं कपडे पाठवले, पोस्टमन दारात येऊन पैसे मागतो. भेट दिलेल्या वस्तूवर कर कसला?" दुसऱ्या एका ताईंच्या नातीला अमेरिकेतल्या मावशीनं फ्रॉक पाठवले होते. त्यांनी पैसे भरले, पण फ्रॉकच्या किमतीपेक्षा त्या पावतीचीच चर्चा वाडीत जास्त झाली.

याचं उत्तर दोन ओळींत देता येतं, ते पुढे देऊच. पण आम्ही जुनी पुस्तकं आणि गॅझेटियर चाळायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की कापड आणि जकात यांची गाठ फार जुनी आहे, आणि तिचे बरेच धागे आपल्या सातारा-सांगलीतूनच जातात. म्हणून आजचं भाषण जरा लांबचं वळण घेऊन.

आधी शब्द बघू. जकात हा शब्द अरबीतला. मुसलमान धर्मात जकात म्हणजे आपल्या मिळकतीतला ठरलेला वाटा गरिबांना द्यायचा, ते एक पुण्यकर्म. आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ झाला मालावरचा कर. दान देणारा शब्द वसुली करणारा झाला!

शिवाजी महाराजांच्या काळात जकात हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. पण महाराज जकातीकडे फक्त पैसा म्हणून बघत नव्हते. १६७१ सालचं त्यांचं कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, म्हणून व्यापारी तिकडे वळत होते आणि आपल्या मिठागरांचं नुकसान होत होतं. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. आज सरकार परदेशी मालावर शुल्क बसवतं त्यामागं हेच गणित असतं. आपला माल आणि आपल्या माणसाचं काम टिकावं. ते कुणाच्या बाबतीत खरं ठरतं आणि कुणाच्या बाबतीत नाही, हा वादाचा भाग. त्यावर येऊ.

पेशवाईत जकातीचे मक्ते दिले जायचे. रस्त्यात एकदाच भरून भागायचं नाही, टप्प्याटप्प्यावर चौकी. बैलावर गोणी लादून निघालेला व्यापारी घाट उतरेपर्यंत कितीदा थांबत असेल ते बघा. यातून एक धंदाच उभा राहिला, हुंडेकरी. व्यापाऱ्यानं हुंडेकऱ्याला एकरकमी पैसे द्यायचे, आणि वाटेतल्या सगळ्या जकाती भरून माल पोचवायची जबाबदारी हुंडेकऱ्यानं घ्यायची. आजच्या कुरिअर कंपन्या कस्टमचं काम स्वतः करून देतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात ना, त्यांचे हे पणजोबा.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली ही रस्त्यावरची जकात १८३८ च्या कायद्यानं उठवली. पण आपला भाग सगळा इंग्रजांचा कुठं होता? साताऱ्याचं छत्रपतींचं राज्य १८४८ साली खालसा झालं, तरी सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थानं स्वातंत्र्यापर्यंत राहिली. आटपाडी औंध संस्थानात, तिथून जतला गेलं की दुसऱ्या राजाचं राज्य. आपल्या आज्ज्या-पणज्या लेक द्यायच्या तेव्हा ती कधी कधी एका संस्थानातून दुसऱ्यात जायची. १९४८ साली ही संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं.

आणि त्या लेकीच्या अंगावरचं लुगडं तरी कुठलं? इरकली लुगडं इलकलचं, चोळीचा खण गुळेदगुड्डचा. दोन्ही गावं आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. म्हणजे आपल्याकडच्या लग्नातलं सगळ्यात आपलं वाटणारं कापडसुद्धा परप्रांताचं. पण ते हातमागाचं होतं, आणि विणणारी माणसं ओळखीतली होती. खरा घाला पडला तो समुद्रापलीकडून.

इंग्लंडात लँकेशायर आणि मँचेस्टर इथं वाफेच्या यंत्रावर कापड निघायला लागलं आणि ते जहाजांनी मुंबईला उतरायला लागलं. तिथल्या गिरणीमालकांचा आपल्या सरकारवर एकच धोशा होता, आमच्या कापडावर हिंदुस्थानात कर नको. १८८२ साली सरकारनं त्यांचं ऐकलं आणि आयात कापडावरचं शुल्क काढून टाकलं. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४ साली शुल्क परत आणलं. मग मँचेस्टरवाले खवळले. १८९६ साली जो तोडगा निघाला तो ऐकून आमच्या गटातल्या बायकांना खरंच वाटेना. विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क, आणि त्याच वेळी मुंबईच्या गिरण्यांत तयार होणाऱ्या कापडावरही साडेतीन टक्के कर! म्हणजे आयात शुल्काचा फायदा आपल्या गिरण्यांना चुकूनसुद्धा होऊ नये. हातमागाला तेवढं त्यातून सोडलं होतं. हा गिरणी कापडावरचा कर पुढे जवळजवळ तीस वर्षं राहिला. १९२५ च्या डिसेंबरात तो थांबवला गेला.

आमच्या मते देशाच्या इतिहासात जकातीचा इतका उघड अन्याय दुसरा सापडणं कठीण. मिठाचा कर सगळ्यांना माहीत आहे कारण गांधीजी दांडीला चालत गेले. कापडाच्या या कराबद्दल शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ असेल नसेल. पण स्वदेशीची चळवळ ज्या रागातून पेटली त्यातला हा एक निखारा होता. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली ती काय नुसती हौस नव्हती.

त्याच्याही आधी एक साताऱ्याचा माणूस उभा राहिला होता. गणेश वासुदेव जोशी, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. जन्म साताऱ्याचा, १८२८ चा. पुण्यात वकिली केली, १८७० साली सार्वजनिक सभा काढली. त्यांनी स्वदेशीचं व्रत घेतलं आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथं राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते, तिथं हे गृहस्थ हातानं कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. साताऱ्यात राहून आम्हाला ही गोष्ट तिशीत कळली, त्याचं वाईट वाटतं.

परदेशी नातेवाईक हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. सातारा तालुक्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या एका गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्या बायकांच्या दारात परदेशाहून जे आलं ते पार्सल नव्हतं.

परदेशाहून टपाल येण्याची वाट मोकळी झाली ती जागतिक टपाल संघामुळं. हा संघ १८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरात स्थापन झाला आणि हिंदुस्थान १८७६ ला त्यात सामील झाला. पण टपालाला वाट मिळाली म्हणून मालाला मोकळीक मिळाली असं नाही. पार्सलवर चिकटपट्टीसारखा एक कागद असतो, त्यावर आत काय आहे, किती किमतीचं आहे, भेट आहे की विक्रीचा माल आहे, हे पाठवणाऱ्यानं लिहायचं असतं. ते सगळ्या देशांनी मिळून ठरवलेलं आहे. बायका विचारतात, पेटी न फोडता साहेबाला आतलं कसं कळतं? आधी या कागदावरून कळतं. शंका आली तर पेटी उघडतात, तपासतात, आणि परत बंद करतात.

स्वातंत्र्यानंतर वेगळीच अडचण आली. देशाजवळ परकीय चलन, म्हणजे डॉलर-पौंड, फार थोडे. ते यंत्रं, धान्य आणि तेलासाठी राखून ठेवायचे होते. त्यामुळं साडी, शर्ट, घड्याळ असल्या वस्तू बाहेरून आणण्यावर बंधनं आली. जुना सागरी जकातीचा कायदा १८७८ चा होता, त्याच्या जागी १९६२ चा कस्टम कायदा आला. तोच आजही चालू आहे. त्या काळात 'फॉरेनची साडी' या दोन शब्दांना काय वजन होतं ते आमच्या आईच्या वयाच्या बायकांना विचारा. जपानी नायलॉनची साडी, धुतली की झटक्यात वाळते, इस्त्री नको. गावात एकीकडे असली तर लग्नाला मागून न्यायच्या. चोरट्या मार्गानं येणारा माल वेगळा, त्यात नायलॉन-टेरिलीनही असायचं आणि सोनंही. १९६३ च्या सोने नियंत्रणानं तर सोनारांचे हाल झाले, आणि खानापूर-आटपाडीकडची जी मंडळी देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात त्यांच्यातल्या जुन्यांना तो काळ अजून आठवतो. तो विषय वेगळा, त्यावर एक भाषण करायचंच आहे.

आपल्या भागात तेव्हा बहुतेकांचा परदेश म्हणजे मुंबई. लालबाग-परळच्या गिरणीत घरटी एक माणूस. तो दिवाळीला यायचा तो गिरणीच्या कापडाचा तागा बगलेत मारून. त्याचीच पोराला चड्डी, पोरीला परकर, उरलेल्याची उशीची खोळ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो तागा यायचा बंद झाला. शहरात माल शिरताना तेव्हा नगरपालिकेची जकात होतीच, ती नाक्यावर भरायची. नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईची उरलेली जकातही संपली. नाके गेले, नाव राहिलं. कितीतरी गावांत अजून कंडक्टर "जकात नाका" म्हणूनच हाक देतो.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबायला हवं. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या बायका रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होत्या. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. अमेरिकेतल्या संस्थांकडून येणारी मदत विनाशुल्क यावी असा करार भारत आणि अमेरिकेत १९५१ सालीच झाला होता. म्हणजे बघा, अनोळखी माणसानं दया म्हणून पाठवलेलं धान्य बिनजकातीचं येत होतं, आणि सख्ख्या भावानं मायेनं पाठवलेल्या साडीला बंधन. आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. उपाशी माणसाचं धान्य आधी, हे बरोबरच होतं. पण सरकारच्या वहीत दान आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळतं.

भेटीचा विचार पुढे झाला. १९९३ च्या सप्टेंबरात सरकारनं एक अधिसूचना काढली, टपालानं किंवा विमानानं आलेली खरीखुरी भेटवस्तू ठरावीक किमतीपर्यंत शुल्कमुक्त. खरीखुरी हा शब्द महत्त्वाचा. घरच्या वापरासाठी असावी, विकायला नसावी. किमतीची मर्यादा वेळोवेळी बदलत गेली. २००१ च्या एप्रिलपासून कपड्यांसारख्या मालाच्या आयातीवरची उरलीसुरली परवान्याची बंधनंही उठली. त्या सुमारास आपल्याकडची पोरं इंजिनिअर होऊन बाहेर जायला लागली होती. पुणे, तिथून बंगळूर, तिथून अमेरिका. पार्सलं यायला लागली.

मग ही सवलत गेली कुठं? ती मोडली मोबाईलनं. चीनमधल्या ऑनलाईन दुकानांतून लोक दोनशे-पाचशेचे कपडे मागवायला लागले, आणि पाच हजार रुपयांपर्यंतची भेट शुल्कमुक्त आहे हे हेरून ती पाकिटं 'भेट' लिहून यायला लागली. पैसे मोजून घेतलेला माल, वर नाव भेटीचं. इकडे विट्याच्या यंत्रमागवाल्यानं आणि इचलकरंजीच्या कापडवाल्यानं प्रत्येक मीटरवर कर भरायचा, आणि तिकडचं कापड भेट म्हणून फुकट आत. शेवटी १२ डिसेंबर २०१९ ला विदेश व्यापार महासंचालनालयानं सवलत बंद केली. भेट म्हणून शुल्कमाफीत येणारी पार्सलं बंद. भेट येऊ शकते, पण पूर्ण शुल्क भरून. अपवाद फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राखी.

हे ते दोन ओळींचं उत्तर. पुतण्याचे कपडे त्यामुळं अडतात. त्यात त्याचीही चूक नाही आणि पोस्टमनची तर नाहीच. तो फक्त वसूल करून पावती देतो.

पैसे किती, याचे दर बजेटला बदलतात, म्हणून आम्ही दर सांगत नाही, रीत सांगतो. समजा साडी २००० रुपयांची धरली आणि मूळ शुल्क २० टक्के आहे. झाले ४००. त्या ४०० वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ४० रुपये. आता २४४० झाले, आणि जीएसटी लागतो तो या २४४० वर, नुसत्या २००० वर नाही. म्हणून आकडा बघून डोळे फिरतात. करावर कर कसा, असं एका ताईंनी विचारलं. तसंच आहे ते. वर टपालखात्याची थोडी फी असते. किंमत कमी लिहून सुटका होईल असं पाठवणाऱ्याला वाटतं, पण लिहिलेली किंमत खरी वाटली नाही तर अधिकारी स्वतः ठरवतो, आणि पार्सल मुंबईच्या विदेश टपाल कार्यालयात पडून राहतं ते वेगळंच. पार्सल नको असेल तर पैसे न भरता परत करता येतं. वापरलेले जुने कपडे पाठवले तर फुकट येतील असंही कुणी समजू नये. जुन्या कपड्यांच्या आयातीवर तर परवान्याचं बंधन आहे. जुन्यासाठी आपली बोहारीण बरी.

पोरगा सुट्टीला येणार असेल तर कपडे त्याच्या बॅगेतून आलेले स्वस्त पडतात, कारण प्रवाशाच्या सामानाला वेगळे नियम आहेत आणि त्यात काही हजारांची सूट असते. आमच्याकडच्या बऱ्याच घरांनी आता हाच मार्ग धरलाय.

आता ज्यासाठी हे भाषण मुळात लिहायला घेतलं ते. या जकातीच्या नावाखाली फसवणूक चालते. आमच्या ओळखीच्या एका गटातल्या ताईंना फेसबुकवर लंडनचा डॉक्टर म्हणून कुणी भेटला. महिनाभर गोड बोलला, बहीण म्हणाला, आणि भेट पाठवतो म्हणाला. साड्या, सोन्याची साखळी, मोबाईल, पेटीचा फोटोही आला. मग एका बाईचा फोन, शुद्ध हिंदीत. मी विमानतळावरून कस्टम अधिकारी बोलते, पार्सल अडलंय, शुल्क भरा. ताईंनी भरले. मग दंड म्हणून, मग कसल्या प्रमाणपत्राचे म्हणून. तिसऱ्या वेळी त्यांनी शेळीपालनाचं कारण सांगून गटातून अंतर्गत कर्ज उचललं. पेटी कधीच निघाली नव्हती. ताई पुढे चार महिने बैठकीला आल्या नाहीत. हप्ता मात्र भावजयीच्या हातून पाठवत राहिल्या. गटानं त्यांना बोल लावला नाही, व्याज माफ केलं. आमच्या मते गटाचा तो निर्णय वर्षातला सगळ्यात चांगला होता.

त्यांनी आम्हाला सांगितलं, "परदेशातून आलं की कस्टम लागतं एवढं मला माहीत होतं, म्हणूनच मला खरं वाटलं." अर्धवट माहिती अशी महागात पडते.

खरं कस्टम कसं असतं ते ऐका. टपालानं आलेल्या पार्सलचे पैसे पार्सल बघून, पोस्टात किंवा पोस्टमनकडे, पावती घेऊन भरायचे. कस्टमचा कुठलाही अधिकारी फोन करून कुणाच्या खासगी खात्यात किंवा फोन-पेवर पैसे टाकायला सांगत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रावर, समन्सवर एक ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात. तो खात्याच्या संकेतस्थळावर घालून खरा की खोटा बघता येतो. कुरिअरचं थोडं निराळं आहे. कुरिअर कंपनी आधी ओळखपत्र मागते, आणि कधी कधी शुल्क आधी भरायची लिंकसुद्धा पाठवते, तीही खरी असू शकते. म्हणून पाठवणाऱ्या नातेवाइकाला स्वतः फोन करायचा, पार्सलचा नंबर त्याच्याकडून घ्यायचा, आणि कंपनीच्या साईटवर पोरांकडून बघून घ्यायचा. आलेल्या लिंकवर थेट बोट ठेवायचं नाही. आणि पाठवणारा कधी प्रत्यक्ष भेटलाच नसेल, तर पेटीही नाही असं धरून चालायचं. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन. रात्र असली तरी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त.

राहता राहिली राखी. पुसेगावच्या बैठकीत याच्यावर फार हसलो आम्ही. २०१९ च्या त्या आदेशात राखीला सवलत ठेवलीय, पण पुढे स्पष्ट लिहिलंय की राखीसोबतच्या भेटवस्तूंना ती नाही. म्हणजे परदेशात दिलेल्या लेकीनं इथल्या भावाला राखी पाठवली तर ती येईल. तिकडे नोकरीला असलेल्या भावानं इथल्या बहिणीला ओवाळणीची साडी पाठवली, तर बहिणीनं आधी शुल्क भरायचं आणि मग साडी नेसायची. एक म्हातारी म्हणाली, "मग त्याला सांगा, ओवाळणी पैशानं बँकेत टाक. साडी मी विट्याच्या बाजारात घेते."